उत्तर भिंतीजवळच्या काड्या

हॅकलबर्नच्या चर्चच्या आवारात त्या शनिवारी अर्धं गाव जमलं होतं, आणि कुणी अवाक्षर काढत नव्हतं. हेच मुळात नवल होतं. या गावात दोन माणसं भेटली की हवेवर बोलतात आणि तिसरं येऊन मिळालं की संडासावर. म्हणजे चर्चला संडास बांधावा की नाही, या वादावर. तो वाद इतका जुना झाला होता की तो सुरू करणारे काहीजण त्याच आवारात पुरले गेले होते. पण त्या दिवशी संडासाचं नावही निघालं नाही. हातातले चहाचे मग निवून गेले, आणि सगळ्यांचे डोळे डेस्मंड क्रेलच्या मुठींवर खिळले.

क्रेलच्या दोन्ही मुठींत एकेक पितळी कांबी होती, काटकोनात वाकवलेली. चांदीसारखी पांढरी दाढी, खूप खिशांचं जाकीट आणि चाल अशी, की खाली कुणी झोपलंय आणि त्याला जाग येता कामा नये. उत्तरेच्या भिंतीकडेनं तो पाऊल पाऊल पुढे सरकत होता. एकाएकी कांब्या थरथरल्या आणि दोन्ही डावीकडे वळल्या.

"बाई," क्रेल हळूच म्हणाला. "मध्यम वयाची. खूप सोसलेली."

"अरे देवा," कुणीतरी पुटपुटलं, आणि गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष जेफ्री धावत गेले आणि त्यांनी गुलाबी लोकर बांधलेली बांबूची काडी तिथे खोचली. पुरुषाला निळी लोकर, बाईला गुलाबी आणि मुलाला पांढरी, अशी सगळी तयारी मंडळाच्या बायकांनी आदल्या आठवड्यात केकबरोबर करून ठेवली होती.

"मित्रहो, जमीन विसरत नाही," क्रेल म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत बरोबर पोचत होता. "विसरतो ते आपण. दगड पडतात, नावं पुसतात, पण माणूस जिथं निजला तिथली कंपनं जात नाहीत. पुरुष असला की कांब्या उजवीकडे जातात, बाई असली की डावीकडे. आणि मूल असलं ना…" इथे तो थांबला. थांबावं कुठे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "मूल असलं की त्या माझ्या छातीकडे येतात. लेकरांना अजून कुशीत यायचं असतं."

दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. लॉर्ना हाताची घडी घालून मागे उभी होती. ती गावच्या शाळेत शिकवायची. सोसलेली बाई जमिनीखालून ओळखता येते, तर मग न सोसलेली एखादी या माणसाला कधी सापडली आहे का, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. पण क्रेल एक पैसाही घेत नव्हता. पैसे न घेणारा माणूस खोटं कशाला बोलेल, हा गावाचा मोठा बिनतोड मुद्दा होता. तो फक्त जेवण घ्यायचा, केक घ्यायचा, आणि लोकांचे असे ओले डोळे घ्यायचा. त्या शेवटच्या गोष्टीची चटक पैशाहून वाईट असते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून एक काठी पुढे आली, आणि काठीमागून लॉर्नाची आई.

बेरिल ऐंशीला टेकली होती. छाती कमजोर, पायांना सूज. डॉक्टरांनी लॉर्नाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या ख्रिसमसपर्यंतचे बेत आखू नका. ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा आहे का हो इथं? माझा पहिला."

लॉर्नानं हाताची घडी सोडली. आपल्या आधी एक मूल झालं होतं आणि ते गेलेलंच जन्मलं होतं, एवढं तिला माहीत होतं. पण ते घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. लहानपणी एकदा तिनं विचारलं, तर वडील उठून बाहेर लाकडं फोडायला गेले होते.

क्रेलनं डोळे मिटले. मग भिंतीच्या कोपऱ्याकडून तो सावकाश चालत आला, आणि एल्डरच्या झुडपाच्या अलीकडे कांब्या गर्रकन त्याच्या छातीकडे वळल्या.

"मुलगा," तो म्हणाला. "एक दिवसाचाही नाही. इथं आहे. अगदी शांत आहे."

बेरिल काठी टाकून गवतावर बसली. तिला असं बसताना लॉर्नानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं गवतावर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसून राहिली. त्या क्षणी लॉर्नाच्याही डोळ्यांना धारा लागल्या. शिकवणारीलाही आई असते, आणि आई अशी जमिनीवर बसलेली बघताना कुणाची शंका जागी राहत नाही.

त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात बेरिलनं पहिल्यांदा सगळं सांगितलं.

"दाई होती, मोठी खमकी. तो रडलाच नाही. तिनं मला दाखवलं नाही गं. टॉवेलात गुंडाळलं, टोपलीत ठेवलं आणि म्हणाली, आम्ही बघतो सगळं, तू झोप, पुढच्या वर्षी दुसरं होईल. मुलगा होता, हे ती खाली तुझ्या बाबांना सांगताना मी जिन्यातून ऐकलं. मग त्याला कुठं नेलं विचारलं, तर तुझे बाबा म्हणाले, सोय झाली. बस्स. सोय झाली. त्यावर मी काय बोलणार? बाप्तिस्मा न झालेली पोरं उत्तरेच्या भिंतीकडे ठेवतात, असं म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, म्हणून मी आपली येता-जाता त्या भिंतीकडे बघायची."

"आई, तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? कुठं आहे ते माहीत नसलेल्या पोराबद्दल काय सांगायचं असतं?" बेरिलनं बशीतला केकचा दुसरा तुकडा उचलला. कित्येक आठवड्यांत तिनं दुसरा तुकडा घेतला नव्हता. "आता माहीत झालं. आता ऐक. मला तिथंच पुरायचं. त्याच्याजवळ."

"आणि बाबा?"

बाबांची, म्हणजे नॉर्मनची, कबर दक्षिणेला, उन्हाच्या बाजूला होती, आणि ती मुद्दाम खोल खणून घेतली होती, वर बेरिलची जागा राहावी म्हणून.

"नॉर्मनला आख्खा जन्मभर मी होते," बेरिल म्हणाली. "त्या पोराला कुणीच नव्हतं."



त्यानंतर आई खायला लागली, झोपायला लागली. रोज काठी टेकत चर्चला जायची, पांढऱ्या लोकरीच्या काडीपाशी जॅमच्या बरणीत रानफुलं ठेवायची आणि बोलत बसायची. काय बोलायची ते लॉर्नानं कधी कान देऊन ऐकलं नाही. खोटं असलं तरी कुणाचं काय बिघडलं, असं ती स्वतःला समजावत होती. शाळेत मुलांना मात्र ती सांगायची की उत्तर आवडलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

बिघडलं ते गावाचं. संडासाची नळी नेमकी उत्तरेच्या भिंतीकडेनं जायची होती, दुसरी वाटच नव्हती. आता तिथे काड्यांची रांग उभी राहिली होती. "लेकरांच्या अंगावरून मैल्याची नळी नेणार तुम्ही?" असं टपाल कचेरीत कुणीतरी ओरडलं, आणि तोवर एकमेकांच्या घरी बागेतली वांगी-काकड्या पोचवणारी माणसं रस्ता बदलून जायला लागली. पाद्रीबाई टॅम्सिन बिचारी सहा गावांची सहा चर्चं एका छोट्या गाडीतून सांभाळायची आणि सगळीकडे उशिरा पोचायची. तिनं बेरिलची इच्छा ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"बेरिल, तिथं खणायची परवानगी मिळवायलाही…"

"पोरी, माझ्याकडे परवानग्यांइतका वेळ नाही," बेरिल म्हणाली. "तू लवकर लिही."

शेवटी जेफ्रींनी तोडगा काढला. क्रेलला पुन्हा बोलवायचं. कबरींच्या जागा त्याच्याकडून पक्क्या करून घ्यायच्या, आणि मग पुढच्या सभेत त्याला सगळ्यांसमोर नळीची वाट आखून द्यायला लावायची. जिवंत माणसांचं एकमत होत नसलं की मेलेल्यांचं मत घ्यायचं, अशी ही युक्ती.

पण त्याआधी गवत कापायचं होतं.

आवारातलं गवत गाव पाळीपाळीनं कापतं. पाळीचा कागद ओसरीत लावलेला असतो आणि पाळी चुकवणाऱ्याकडे गाव वर्षभर तिरकं बघतं. त्या आठवड्यात पाळी लॉर्नाची होती. यंत्राखाली बांबू येऊ नयेत म्हणून तिनं काड्या उपटल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. आईची बरणीही उचलून ठेवली. भिंतीलगतचं गवत कापून होतंय तोच आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. डोक्यावर कोट ओढून तिनं भराभर काड्या परत खोचल्या, अंदाजानं. नंतर येऊन नीट लावू, असं ठरवून ती घराकडे पळाली. आणि शाळेची सहल, आईची औषधं, एक ना दोन, यात ते राहूनच गेलं.

ते तिला आठवलं तेव्हा क्रेल आधीच भिंतीपाशी उभा होता.

या वेळी मोजकीच माणसं होती. बेरिल पायवाटेवर खुर्ची टाकून बसली होती. लॉर्ना जेफ्रींना काड्यांचं सांगायला पुढे झाली आणि मध्येच थांबली, कारण कांब्या वळल्या होत्या. नेमक्या पहिल्या काडीवर. मग दुसऱ्या काडीवर. "बाई," क्रेल म्हणाला, "तीच ती, सोसलेली." लॉर्नानं पाहिलं, ती गुलाबी काडी आधी भिंतीच्या बाहेर आलेल्या दगडी टेकूसमोर होती. आता ती टेकूच्या कितीतरी पलीकडे होती. पण सोसलेली बाई निमूटपणे काडीबरोबर चालत आली होती.

पांढरी काडी लॉर्नानं एल्डरच्या पलीकडे खोचली होती, आणि ती आधी अलीकडे होती. मध्ये आख्खं झुडूप. क्रेल झुडपाच्या अलीकडून गेला. कांब्या ढिम्म. तो झुडपाला वळसा घालून गेला, पांढऱ्या लोकरीपाशी आला आणि कांब्या छातीकडे वळल्या.

"इथं," तो मऊ आवाजात म्हणाला. "अजून इथंच आहे. तुमची वाट बघतोय, बाईसाहेब."

"ऐकलंस?" खुर्चीवरून बेरिलनं लॉर्नाकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. "माझी वाट बघतोय."

लॉर्नानं मान हलवली. कांब्या मुलाला शोधत नव्हत्या, लोकरीला शोधत होत्या. आणि हे त्या आवारात फक्त तिला एकटीला माहीत होतं. ती गप्प राहिली असती तर काही झालं नसतं. आई हसत गेली असती आणि एल्डरपाशी, कुणाच्याही जवळ नाही अशा जागी, बाबांना सोडून एकटी पडली असती.

घरी येऊन तिनं कोटाच्या हँगरची तार कापली, दोन तुकडे काटकोनात वाकवले आणि सैल मुठीत धरले. पुढची टोकं समतोल राहतात न राहतात एवढ्यावर डोलत होती. तिनं फरशीवर चमचा ठेवला, त्यावर ही वळणार असं मनात म्हटलं आणि चालली. तारा वळल्या. तिनं हात हलवला नव्हता, शपथेवर सांगितलं असतं. मग तिनं आरशासमोर उभं राहून पुन्हा केलं, आणि तेव्हा दिसलं. चमचा जवळ आला की मनगट केसभर झुकत होतं. तेवढ्या झुकण्यानं लांब टोक आपोआप घरंगळतं, उतारावर गोटी घरंगळते तसं. मन म्हणतं आता, आणि हात आपल्याला न विचारता ऐकतो.

"काय चाललंय?" दारात बेरिल उभी होती.

लॉर्नानं सांगितलं. सगळं. पावसाचं, काड्यांचं, झुडपाच्या अलीकडचं आणि पलीकडचं. सांगताना आपण आईच्या अंगावरची शाल ओढून काढतोय असं तिला वाटत होतं, पण अर्धवट सांगून थांबणं त्याहून वाईट होतं.

"तुला तुझ्या बापाचं पडलंय," बेरिल शेवटी म्हणाली. "तो एकटा राहील म्हणून तू हे करतेस."

"आई, मी काडी चुकीच्या जागी खोचली गं. आणि तो चुकीच्या जागी म्हणाला, इथंच आहे."

"मग पहिल्या जागी असेल! पहिल्यांदा काडी नव्हती ना तिथं?"

"नव्हती."

"मग? मुलगा आहे हे त्याला कसं कळलं?"

हे लॉर्नालाही माहीत नव्हतं, आणि तिनं तसं कबूल केलं. बेरिल न जेवता झोपायला गेली. दोन दिवस ती लेकीशी बोलली नाही. चर्चलाही गेली नाही. तिसऱ्या सकाळी ती डोक्याला बांधायचा आपला जाड निळा रुमाल घेऊन खाली आली आणि तो टेबलावर ठेवला.

"सभेच्या दिवशी हा बांध त्याच्या डोळ्यांवर," ती म्हणाली. "खरा असेल तर सापडेल. आई डोळे मिटूनही पोर ओळखते म्हणतात, मग याच्या कांब्यांना डोळे कशाला लागतात?"

सभेच्या दिवशी आवार फुलून गेलं होतं. नळीवाले एकीकडे, नळीविरोधी दुसरीकडे, मध्ये केकचं टेबल. पाद्रीबाई उशिरा आली. क्रेलनं कांब्या बाहेर काढल्या, जमीन विसरत नाही असं सुरू केलं, आणि लॉर्ना पुढे झाली.

"या वेळी डोळे बांधून कराल का? आणि काड्या काढून?"

"बाई," क्रेल हसला, "हे सर्कशीतले खेळ नव्हेत. इथं माणसं निजली आहेत. मृतांची परीक्षा घेत नाहीत."

"त्यांची कोण घेतंय? तुमची घेतेय ती," मागून कुणीतरी म्हणालं, आणि जेफ्री संतापले. "पाहुण्याचा अपमान आहे हा! हा माणूस एक पैसा घेत नाही!"

गलका वाढला. तेवढ्यात बेरिल खुर्चीतून उठली, आणि तिला उठायला इतका वेळ लागला की ती उभी राहीपर्यंत सगळे गप्प झाले होते.

"डेस्मंड," ती म्हणाली, "मी तुमच्या शब्दावर नवऱ्याला सोडून निघालेय. माझ्यासाठी बांधा."

त्याला नाही म्हणता येईना. ज्या ओल्या डोळ्यांवर तो जगत होता, तेच मागत होते. पाद्रीबाईनं रुमाल घट्ट बांधला, जेफ्रींनी फुरंगटून काड्या उपटल्या, आणि लॉर्नानं क्रेलचं कोपर धरून त्याला दोनचार गिरक्या देऊन चालवायला सुरुवात केली.

आधी तिनं त्याला आर्थर ट्रॉब्रिजच्या कबरीवरून नेलं. आर्थरला गेल्या हिवाळ्यात तिथे जमलेल्या निम्म्या लोकांनी खांद्यावरून आणलं होतं. शंका घ्यायला जागाच नव्हती. कांब्या सरळ राहिल्या. क्रेल आर्थरच्या पोटावरून चालत गेला आणि म्हणाला, "इथं मोकळी जमीन आहे." आर्थरची बायको गर्दीत होती. तिनं ओठ आवळले.

डांबरी पायवाटेवर कांब्या डावीकडे वळल्या. "बाई. वयस्कर." उत्तरेच्या भिंतीकडेनं तो टोकापासून टोकापर्यंत गेला, आणि जिथे सगळी रांग होती तिथे त्याला एक निळा, म्हणजे पुरुष, सापडला, तोही जुन्या कुठल्याच काडीच्या जागी नाही. एल्डरच्या अलीकडे काही नाही. पलीकडे काही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पावलं भरभर पडायला लागली, आणि कापलेलं गवत टाकतात त्या कुजक्या ढिगापाशी पोचल्यावर कांब्या छातीकडे वळल्या.

"मूल!" तो सुटल्यासारखा म्हणाला. "इथं! लेकरू आहे!"

कुणीतरी फस्सकन हसलं, आणि लगेच थांबलं, कारण बेरिल बघत होती.

क्रेलनं रुमाल ओढून काढला. समोर गवताचा ढीग पाहून तो एक पाऊल मागे सरकला. मग त्याला शब्द सापडले, असल्या माणसांना ते नेहमी सापडतात. "इथं एवढा अविश्वास साचलाय की मृतात्मे बोलेनासे झाले. कंपनं नाजूक असतात. कुत्सित मनांपुढे ती…"

"तो जन्मलाही गप्पच," बेरिल म्हणाली. "त्याचं सोडा. मुलगा आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

क्रेलनं अभावितपणे जेफ्रींकडे पाहिलं. सगळ्या गावानं जेफ्रींकडे पाहिलं. जेफ्रींचा चेहरा लालबुंद झाला.

"मी… जेवताना फक्त एवढंच म्हणालो होतो," ते चाचरत म्हणाले, "की आमच्या बेरिलचा एक मुलगा होता, जन्मतःच गेलेला, आणि तिला तो भिंतीकडे असेल असं वाटतं. माझी आई सांगायची मला. माझ्या मनात काही नव्हतं हो, बेरिल. नुसत्या गप्पा."

"मी तुमचं भलंच केलं," क्रेल म्हणाला. पहिल्यांदा त्याच्या आवाजातला मऊपणा गेला होता. "खायला लागला होतात तुम्ही. झोपत होतात. या तुमच्या मुलीनं काय दिलं तुम्हाला?"

बेरिल लॉर्नाचा हात धरून घरी गेली, आणि त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री ती झोपली नाही. लॉर्ना शेजारच्या खोलीत जागी राहून कूस बदलल्याचा आवाज ऐकायची आणि क्रेलचा तो प्रश्न तिला खात राहायचा. त्याचं सोपं उत्तर नव्हतं. खरं सांगितलं की माणूस लगेच बरा होतो, असं कुणी सांगत असेल तर तेही खोटंच आहे.

कबरींची सबब गेली आणि संडास मंजूर झाला. नळीचा चर खणायच्या दिवशी जिल्ह्याहून पुरातत्त्व खात्याची एक तरुणी देखरेखीला आली, चर्चच्या जमिनीत फावडं मारायचं तर तसा नियमच आहे. बेरिल हट्टानं आली. लॉर्नानं नको म्हटलं, तर म्हणाली, "एकदा मला बघू दिलं नव्हतं. आता मी बघणार."

यंत्रानं गवताची साल सोलली. खाली टीचभर तपकिरी माती आणि तिच्याखाली पांढरीशुभ्र चुनखडी, भिंतीच्या टोकापासून टोकापर्यंत, एल्डरच्या अलीकडे आणि पलीकडेही. त्या तरुणीनं वाकून बेरिलला दाखवलं. चुनखडीत एकदा खड्डा खणला की तो परत पांढरा होत नाही, कितीही वर्षं गेली तरी. भरताना माती मिसळते आणि तपकिरी डाग राहतोच, लहान टोपलीएवढा खड्डा असला तरी. इथे डाग नव्हता. ज्या रांगेत बाया, बाप्ये आणि लेकरं निजवली होती, तिथे कुणी कधी कुदळसुद्धा मारली नव्हती.

"म्हणजे कुणीच नाही," बेरिल म्हणाली.

"इथं तरी नाही," ती तरुणी म्हणाली. "तेव्हा पुष्कळदा असं व्हायचं की त्याच दिवशी पुरायच्या एखाद्या मोठ्या माणसाच्या शवपेटीत बाळाला ठेवायचे. पण तुमच्या बाळाचं काय झालं, ते मी सांगू शकत नाही."

बेरिल चराच्या काठावर उभी राहून खाली बघत राहिली. भोवती नळीवाले होते, नळीविरोधी होते, पाद्रीबाई होती. जेफ्री टोपी हातात धरून पुढे आले. सभेच्या दिवसापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

"बेरिल," ते म्हणाले, "कदाचित जरासा पलीकडे असेल. चर तिकडून गेला असता तर…"

"जेफ्री, आता तू नको सुरू करूस."

"मी फक्त तुम्हाला बरं वाटावं म्हणून…"

"दाईलाही मला बरं वाटावं असंच वाटत होतं," बेरिल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण यंत्रवाल्यानंही यंत्र बंद केलं. "नॉर्मनलाही. डेस्मंडलाही. सगळ्यांना मला बरं वाटायला हवं होतं, म्हणून कुणी मला खरं सांगितलं नाही. इतके आठवडे मी त्या गवताशी बोलत बसले. सगळं सांगितलं त्याला. आणि खाली नुसता दगड. तुम्हाला काय वाटतं, दुःख झालेल्या माणसाला अक्कल नसते? माझ्या लेकीनं मला काय दिलं, विचारत होता तो. तिनं मला कुणी फसवू नये एवढं केलं. तेवढं तुम्ही सगळ्यांनी एकमेकांसाठी करा. कुणी काही दाखवायला आला की आधी त्याचे डोळे बांधा. त्याला राग आला तर येऊ द्या."

बेरिलनं धाप लागली म्हणून लॉर्नाच्या खांद्यावर हात टेकला.

"मला नॉर्मनजवळच ठेव गं, पोरी," ती पाद्रीबाईला म्हणाली. मग ती पुन्हा जेफ्रींकडे वळली. "आणि तू. माझा मुलगा कुठं आहे, जेफ्री?"

जेफ्रींनी टोपी हातात फिरवली. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, चराकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग खाली मान घालून म्हणाले, "माहीत नाही, बेरिल."

बेरिलनं हात पुढे करून त्यांच्या दंडावर थोपटलं. "हे मला तेव्हाच कुणीतरी म्हणायला हवं होतं," ती म्हणाली, आणि लेकीच्या आधारानं घरी जायला वळली.